विहीर माणसाला ओढत नाही

आपल्या भागात विहिरीत कोणी बुडालं की काठावर जमलेल्या लोकांच्या तोंडून दोन गोष्टी ठरलेल्या ऐकू येतात. एक, "आसरांनी ओढलं." दुसरी, "तिसऱ्या दिवशी पाणी देह परत देतंच." पहिल्या गोष्टीपायी विहिरीला नारळ फुटतो, कोंबडं कापलं जातं. दुसरीपायी घरची माणसं काठावर बसून वाट पाहत राहतात.

आपल्या आज्या-पणज्यांनी या गोष्टी उगाच रचल्या, असं मी म्हणणार नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते खरंच होतं. पट्टीचा पोहणारा पोरगा तळाला गेला आणि वर आलाच नाही. दुसरा वर येता येता हातभर पाण्याखाली निपचित झाला. बुडालेला माणूस दोन-तीन दिवसांनी फुगून आपोआप तरंगला. पाहिलेलं खरं, पण लावलेलं कारण खोटं. खरं कारण माणसाच्या अंगातल्या हवेत आहे. आपल्या छातीत हवा असते, कानाच्या पडद्यामागे असते, नाकाच्या आजूबाजूच्या हाडांच्या पोकळीत असते. पाण्याचा दाब पडला की ही हवा आकसते आणि दाब उतरला की पुन्हा पसरते. आपल्या विहिरीत होणाऱ्या बऱ्याच गोष्टी या आकसण्या-पसरण्यात आहेत.

हा विषय मी आरोग्याच्या पानावर का घेतला? कुंभार पिंपळगावच्या शिवारात आणि सगळ्या घनसावंगी तालुक्यात पाण्याची जागा पावलापावलावर आहे. जायकवाडीचा डावा कालवा आहे, दक्षिणेला गोदावरी आहे, आणि उसाच्या-कापसाच्या रानात विहिरी आहेत. मोटर अडकली, पाइप निसटला, फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा बसला, बादली-दोर पडला की हाक कोणाला जाते? आपल्या वस्तीतल्या पोराला. "अरे, ये की जरा, दोन बुड्या मार." शे-पाचशे रुपये हातावर, कधी वर एक क्वार्टर. ज्या विहिरीच्या काठाला हात लावायची आपल्या आजीला मनाई होती, त्याच विहिरीच्या तळाला आज नातवाला पाठवतात. पाठवणाऱ्याला आणि जाणाऱ्याला, दोघांनाही खाली अंगात काय होतं ते ठाऊक नसतं.

सिरिंज आणि अंगठा

वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर मी मुलांना एक प्रयोग करून दाखवते. तुम्हीही घरी करा. मेडिकलमधून १० एमएलची नवी सिरिंज आणा, सुई काढून टाका. दट्ट्या १० च्या खुणेपर्यंत मागे ओढा, म्हणजे आत १० एमएल हवा आली. आता सिरिंजच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने दट्ट्या पुढे रेटा. दट्ट्या ५ च्या खुणेपर्यंत येतो. साधारण दोन किलोचा जोर लागतो. हवा कुठेही गेलेली नाही, फक्त अर्ध्या जागेत कोंबली गेली. दट्ट्या सोडला की तो पुन्हा मागे येतो.

आता हीच सिरिंज पाण्याने भरून पाहा. पाणी तसूभरही दबत नाही. आपलं रक्त, मांस, हाडं पाण्यासारखीच आहेत, ती दाबाने लहान होत नाहीत. आकसते ती फक्त हवा.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली हा नियम मांडला. इकडे तेव्हा शाइस्तेखान पुण्यात लाल महालात तळ देऊन बसला होता. नियम सोपा आहे. दाब दुप्पट झाला की हवेची जागा अर्धी होते, तिप्पट झाला की एक तृतीयांश, चौपट झाला की पाव.

जमिनीवर उभं असताना आपल्यावर वातावरणातल्या हवेचा दाब असतोच, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. जन्मापासून असल्यामुळे तो जाणवत नाही. पाण्यात ३३ फूट खाली गेलं की पाण्याचा तेवढाच आणखी दाब वर चढतो. म्हणजे ३३ फुटांवर दाब दुप्पट, ६६ फुटांवर तिप्पट, ९९ फुटांवर चौपट. वर घेतलेली १०० भाग हवा ३३ फुटांवर ५० भाग होते, ६६ फुटांवर ३३ आणि ९९ फुटांवर २५.

या आकड्यांकडे नीट पाहा. सगळ्यात मोठी घट पहिल्या ३३ फुटांतच होते. १० फुटांवरच १०० चे ७७ उरतात आणि २० फुटांवर ६२. "आपली विहीर काय समुद्र थोडीच आहे," असं पोरं मला म्हणतात. पण हवा सगळ्यात जास्त आकसते ती नेमकी आपल्या विहिरीएवढ्या पाण्यात. विहीर रुंद आहे की अरुंद, याने काही फरक पडत नाही. डोक्यावर पाणी किती उभं आहे, एवढंच मोजायचं.

आधी कान

कानाचा पडदा कागदासारखा पातळ असतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला पाणी आणि आतल्या बाजूला छोट्याशा खोलीत हवा. त्या खोलीतून एक बारीक नळी नाकाच्या मागे घशात उघडते. एरवी ही नळी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते आणि आतली हवा सारखी करते. एसटीने घाट उतरताना कान बंद होतात आणि आवंढा गिळला की उघडतात, ते या नळीमुळेच.

पाण्यात चार-पाच फूट खाली गेलं की कानावर दडपण येतं. आतली हवा आकसलेली असते, म्हणून पडदा आत ओढला जातो. त्याच वेळी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हळूच नाकात फुंकर मारल्यासारखं केलं तर नळी उघडते आणि दडपण जातं. पण दडपण अंगावर काढत तसंच खाली गेलं तर नळी आतून घट्ट मिटते, मग कितीही फुंकर मारा, उघडत नाही. आणखी खाली गेलं की कळ येते, आणि मग पडदा फाटतो. काहींचा सहा-सात फुटांतच फाटतो, काहींचा पंधरा फुटांपर्यंत तग धरतो. सर्दी झालेली असेल तर नळी सुजलेली असते आणि पडदा फाटायला वेळच लागत नाही. सर्दी-पडसं असताना बुडी मारायची नाही, ही एक गोष्ट जरी पोरांनी पाळली तरी अर्धे कान वाचतील.

पडदा फाटणं हे नुसतं दुखणं नाही. फाटलेल्या पडद्यातून विहिरीचं गार पाणी आतल्या कानापाशी पोचतं. शरीराचा तोल सांभाळणारा भाग तिथेच असतो. त्याला एका बाजूने गारवा लागला की सगळं जग गरगर फिरायला लागतं. विहिरीच्या तळाशी अंधार असतो, पाणी गढूळ असतं. अशा वेळी वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. माणूस काठाकडे समजून कपारीत शिरतो, वर समजून तळाकडे जातो. चांगल्या पोहणाऱ्या पोराला "कोणीतरी फिरवलं" असं लोक म्हणतात, त्यातल्या काही घटनांचं उत्तर या पडद्यात असतं. (गरगरणं साधारण मिनिटभरात ओसरतं, पण श्वास रोखलेल्या माणसाकडे ते मिनिट नसतं. तोंडातून सुटलेले बुडबुडे ज्या दिशेला जातात तीच वरची दिशा. बुडबुडे दिसत नसतील तर तोंडाशी हात धरून ते कुठे सरकतात ते चाचपायचं.)

मागे एक आजीबाई नातवाला घेऊन आल्या. "सिस्टर, कालपासून लेकराचं डोकं गरगर फिरायलंय, कानातून रगत आलतं. लसणाचं कोमट तेल घातलं, तरी राहीना." सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, मोटरीचा दोर बांधायला उतरलेला. त्या तेलाने काय होतं ते मी त्यांना समजावून सांगितलं, तुम्हालाही सांगते. फाटलेल्या पडद्यातून तेल थेट आत उतरतं, सोबत जंतू नेतं, आणि जे आपोआप भरून आलं असतं ते पिकतं, वाहायला लागतं. तेल नाही, थेंब नाहीत, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, काडी नाही. कान कोरडा ठेवायचा. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवायचा. नाक जोरात शिंकरायचं नाही. कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं. बहुतेक वेळा पडदा काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत आपोआप जुळतो. तोवर पाण्यात उतरायचं नाही. जुळला नाही तर ऑपरेशनने दुरुस्त होतो. वर्षानुवर्षं वाहणारा कान हे काही नशीब नाही.

मग छाती

धडधाकट पुरुषाच्या छातीत पूर्ण श्वास घेतल्यावर पाच लिटरच्या आसपास हवा मावते. गोड्या पाण्यात बहुतेक माणसं छाती भरलेली असेल तर तरंगतात आणि छाती रिकामी केली तर बुडतात. तरंगणं आणि बुडणं यांच्यातलं अंतर एवढंच, दोन-तीन लिटर हवेचं. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाठीला बांधून आपली पोरं पोहायला शिकतात, त्यामागचं गणित हेच आहे. प्रत्येक लिटर हवा साधारण एक किलो वजन उचलून धरते.

आता या पाच लिटरचं खाली काय होतं ते पाहा. १० फुटांवर पावणेचार लिटरच्या जरा वर, २० फुटांवर तीन लिटरच्या आसपास, ३३ फुटांवर अडीच. म्हणजे २० फुटांवर गेलेला पोरगा काठावरच्या मानाने दोन किलोने जड झालेला असतो, ३३ फुटांवर अडीच किलोने. वरच्या पाण्यात हातपाय न हलवता वर येणारं शरीर खाली गेल्यावर हातपाय न हलवता आणखी खाली जातं. एका ठरावीक खोलीनंतर हा पालट होतो. तो प्रत्येकाचा वेगळा असतो. सडपातळ, हाडापेराने मजबूत पोरांचा लवकर होतो, आणि कामाला उतरणारी आपली पोरं बहुधा अशीच असतात. अंगावर पॅन्ट, हातात लोखंडी आकडा, पायाला गाळ. वर यायला जोर लावावाच लागतो, तोही श्वास संपत आलेला असताना. यालाच आपण "पाण्याने ओढलं" म्हणत आलो.

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर हेन्यो नावाच्या बाया आहेत. नुसता श्वास रोखून ३३ फुटांच्या आसपास बुडी मारतात, समुद्रतळाचे शिंपले काढतात आणि त्यावर घर चालवतात. कित्येक जणी साठी-सत्तरीच्या आहेत. युनेस्कोने २०१६ साली त्यांच्या या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. लहानपणापासूनचा सराव आहे, बुडी मिनिटभराच्या आसपास, आणि त्या घोळक्याने उतरतात. आपल्याकडे काम तेच असतं, पण पोरगा एकटा असतो आणि काठावरचा माणूस मोबाइल बघत असतो.

पोरांमध्ये आणखी एक खूळ आहे. बुडी मारण्याआधी धाप लागल्यासारखे दहा-वीस श्वास भराभरा घेतात, म्हणजे "दम जास्त टिकतो". दम टिकल्यासारखा वाटतो हे खरं, पण त्यामागे मोठा धोका आहे. श्वास घ्यायची तगमग होते ती मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे नाही, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. भराभर श्वास घेऊन पोरगा तो कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून देतो. ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. मग खाली गेल्यावर तगमग उशिरा होते आणि तोवर ऑक्सिजन संपत आलेला असतो. धोक्याची घंटाच काढून ठेवली म्हणा ना.

त्यात पुन्हा दाबाचा खेळ आहे. खाली असताना छातीतली हवा दाबलेली असते, त्यामुळे तिच्यातला उरलासुरला ऑक्सिजन रक्तात शिरत राहतो आणि डोकं चालू राहतं. पोरगा वर निघतो, दाब उतरतो, छातीतली हवा पसरते आणि तोच थोडा ऑक्सिजन एकदम विरळ होतो. शेवटच्या काही फुटांत, उजेड दिसत असताना, माणूस काही न कळता बेशुद्ध होतो. ओरडत नाही, हातपाय मारत नाही. म्हणून ज्याला वर येता येता "कोणीतरी पाय धरला" तो पोरगा हातभर पाण्याखाली सापडतो. तळाची माती आणून दाखवायच्या पैजा अशा जीव घेतात. दारू प्यायलेला असेल तर आधीच निम्मी शुद्ध गेलेली असते, त्यावर काय लिहायचं!

नळी आणि कंप्रेसर

पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून पाण्याखाली लपायचा खेळ पोरं खेळतात. सिनेमात तर नायक वेताच्या नळीने तासन् तास श्वास घेतो. हातभर पाण्यात ठीक आहे. पण छाती तीन फुटांवर गेली की छातीच्या पुढच्या भागावर पाण्याचं ओझं जवळजवळ एका ज्वारीच्या पोत्याएवढं होतं. श्वास रोखलेला असतो तेव्हा ते जाणवत नाही, कारण आतली हवाही तेवढीच दाबली जाऊन बाहेर रेटा देते. नळी मात्र छाती थेट वरच्या मोकळ्या हवेला जोडते. आत वरचा दाब, बाहेर पाण्याचा. छाती फुगवताच येत नाही. लांब पाइप तोंडात धरून तळाशी काम करता येईल, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

याहून वाईट उद्योग कंप्रेसरचा. विहिरीच्या खडकाला भोकं पाडायला ट्रॅक्टरवरचे ब्लास्टिंग कंप्रेसर येतात. त्याची नळी तोंडात धरून खाली राहायची कल्पना कोणाच्याही डोक्यात येऊ शकते. एक तर त्या हवेत इंजिनाचा धूर आणि तेल मिसळलेलं असू शकतं. दुसरं म्हणजे ही हवा खालच्या दाबाची असते. ३३ फुटांवर छाती भरून अशी हवा घेतली आणि श्वास रोखून वर आलं तर पाच लिटरचे दहा लिटर व्हायला बघतात. छातीत तेवढी जागा नसते. फुप्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जातात. याला ३३ फूटही लागत नाहीत, चार-पाच फुटांतही हे घडू शकतं. काठावरून श्वास घेऊन बुडी मारणाऱ्याला हा धोका नाही, कारण त्याची हवा वर येताना फार तर मूळ मापाला येते. खाली घेतलेला श्वास घेऊन वर यायचं असेल तर वाटभर हवा सोडत यावं लागतं, मेणबत्ती विझवताना ओठ करतो तसे करून.

मालवण-तारकर्लीला सहलीला गेलेली आपली मुलं तिथे स्कूबा डायव्हिंग करून येतात. एमटीडीसीचं स्कूबाचं केंद्र तिथे आहे. तिथेही पहिले दोन धडे हेच असतात: कान मोकळे करत उतरायचं आणि श्वास कधीही रोखायचा नाही. फार वेळ, फार खोल राहणाऱ्या पाणबुड्यांना आणखी एक आजार होतो. हवेतला नायट्रोजन दाबाखाली रक्तात विरघळतो आणि झटकन वर आलं की गोटी सोड्याची बाटली उघडल्यासारखा बुडबुड्यांनी फसफसतो. सांधे धरतात, कधी पाय लुळे पडतात. अशा रुग्णाला दाबाच्या बंद खोलीत ठेवून हळूहळू दाब उतरवावा लागतो. मुंबईत कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात हे उपचार होतात. एक-दोन बुड्या मारणाऱ्या आपल्या पोरांना हा आजार होत नाही, म्हणून इथेच सोडते.

जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत साचणारी विषारी हवा हा वेगळा विषय आहे. तिथे पाणी गुडघाभर असलं तरी माणसं एकामागून एक जातात. त्यावर पुढे कधीतरी स्वतंत्र लिहीन.

गाडी विहिरीत गेली तर

१८ जुलै २०२४ ला आपल्याच जिल्ह्यात तुपेवाडीजवळ पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची जीप रस्त्याकडेच्या विहिरीत पडली, सात जण गेले. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात कामाला निघालेल्या बायांची ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत गेली आणि वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात मजूर बाया गेल्या. कठडा नसलेल्या विहिरी रस्त्याच्या कडेला उघड्या असतात आणि मजुरांची ने-आण ट्रॉलीतून होते. याचा जाब ग्रामसभेत आणि तहसीलला विचारायलाच हवा.

जीप पाण्यात पडली तर दार लगेच उघडत नाही, कारण तीन फूट पाण्याखाली गेलेल्या दारावर बाहेरून सात-आठशे किलोचा रेटा असतो. पहिल्या अर्ध्या मिनिटातच खिडकीची काच खाली करून बाहेर पडायचं, लेकरं आधी. छताशी थोडी हवा अडकते, पण गाडी खाली जाईल तशी ती आकसत जाते. तिच्या भरवशावर थांबायचं नाही. त्या हवेत श्वास घेतलाच असेल तर वर येताना तो सोडत यायचं.

तिसरा दिवस

माणूस बुडतो तेव्हा छातीत पाणी गेलेलं असतं, हवा कमी उरलेली असते, म्हणून देह तळाशी जातो. मग पोटातले जंतू आपलं काम सुरू करतात आणि त्यातून वायू तयार होतो. पुरेसा वायू साठला की देह हलका होतो आणि वर येतो. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असतं तेव्हा हे एक-दोन दिवसांत होतं, थंडीत जास्त दिवस लागतात. आणि इथेही बॉइलचाच नियम. ३३ फुटांवर तेवढाच वायू अर्ध्या जागेत दाबलेला असतो, म्हणजे तेवढाच फुगवटा यायला दुप्पट वायू लागतो. ९९ फुटांवर चौपट. म्हणून धरणाच्या खोल, गार पाण्यातून देह आठ-आठ दिवस वर येत नाही, कधी येतच नाही. पाण्याची मर्जी राखायला काठावर काही करून उपयोग नसतो. ११२ ला फोन करायचा, पोलीस आणि तहसीलदारांना कळवून शोधपथक मागायचं, विहीर असेल तर मोटरी लावून पाणी उपसायला घ्यायचं. वाट पाहण्यात घरच्यांचे हाल होतात आणि पंचनामाही उशिरा होतो.

पंचनाम्याचं महत्त्व पुढे कळतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत पाण्यात बुडून झालेल्या मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. पण ते सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीला. विहीर ज्याची त्याला संरक्षण, विहिरीत उतरणाऱ्या भूमिहीन मजुराला नाही. म्हणून पोराला बोलावणं आलं तर आधी बोलून घ्या. कमरेला दोर हवा, दोर धरायला काठावर दोन शुद्धीतली माणसं हवीत. दोन हिसके म्हणजे ओढा, असं आधी ठरलेलं हवं. १५ फुटांच्या वर पाणी असेल तर आधी मोटर लावून पाणी उतरवा, मग माणूस उतरवा. दुसऱ्याची मोटर चालत नसेल तर भाड्याने आणा, ते विहीरवाल्याचं काम आहे. तो नाही म्हणाला तर पोरानेही नाही म्हणावं.

बाहेर काढल्यावर

कोणी बुडत असेल तर मागे उडी मारू नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघं जातात. दोर टाका, शिडी सोडा, चार कासऱ्यांनी बांधून बाज सोडा. घट्ट झाकण लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन दोराला बांधून फेका. तो पूर्ण पाण्याखाली दाबून धरला तर पाच किलो तोलतो, छातीशी धरून तरंगायला तेवढं पुरतं.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगणं, पोटावर दाबणं, पाठीवर घेऊन पळणं, हे सगळं बंद करा. कुंभाराच्या चाकावर पालथं घालून फिरवायची जुनी पद्धत आमच्या गावात तरी सगळ्यांना तोंडपाठ आहे, गावाच्या नावातच कुंभार! चाकाने पोटातलं पाणी बाहेर येतं आणि लोकांना वाटतं उपाय लागू पडला. पण पोटातल्या पाण्याने माणूस मरत नसतो. तो मरतो हवेवाचून, आणि चाक शोधून आणण्यात तीच मिनिटं जातात.

उताणं झोपवा, हाक मारा, छाती हलते का पाहा. श्वास नसेल तर डोकं मागे करून हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा आणि त्याच्या तोंडावर तोंड घट्ट लावून पाच श्वास द्या, प्रत्येक वेळी छाती वर आली पाहिजे. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात, भराभर ३० वेळा दाबा, मग २ श्वास, पुन्हा ३०. एकाने हे करायचं, दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड पुसा आणि पुन्हा सुरू करा.

शुद्धीवर आला, चहा प्यायला, बोलायला लागला तरी त्याला घरी नेऊ नका. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं. त्या दिवशी त्याला दवाखान्यात ठेवा. किती वेळ पाण्याखाली होता, किती खोल गेला होता, आणि खाली पाइपने किंवा अडकलेल्या हवेत श्वास घेतला होता का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.